कवाडाला टेकलेला हात

हिंमतरावांचा हात वर गेला, हे साऱ्या गावानं पाहिलं. तो त्यांनी स्वतः नेला नव्हता, हे मात्र फक्त त्यांनाच ठाऊक होतं. आणि दिवस जात होते तसतशी त्यांचीही खात्री पातळ होत चालली होती.

घडलं ते असं. तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष निवडायला शाळेच्या मोठ्या वर्गात ग्रामसभा भरली होती. गावातली भांडणं तालुक्याला, लोहाऱ्याच्या कोर्टापर्यंत न जाता गावातच मिटावीत म्हणून ही समिती. आणि तिच्या अध्यक्षपदावरून महिनाभर गावात जुंपली होती. एकीकडे महारुद्र, ट्रॅक्टरवाला, बोलायला गोड. दुसरीकडे हणमंतप्पा, बोलायला खारट.

हणमंतप्पा हा हिंमतरावांचा शाळेपासूनचा दोस्त. शेत बांधाला बांध लागून. एक बैल ह्याचा, एक त्याचा, अशी दोघांची सावड. पाखऱ्या हिंमतरावांच्या गोठ्यात असायचा, बाशा हणमंतप्पाच्या. सकाळी दोघे एका जुवाखाली आले की जोडी व्हायची, आणि दोन्ही रानं त्याच जोडीवर उलगडायची. तेव्हा हिंमतरावांचं मत कुणाला, हे विचारायचंसुद्धा कारण नव्हतं.

त्या दिवशी हिंमतराव उशिरा पोचले. आत पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते दारातच उभे राहिले. दाराची कडी कधीचीच तुटलेली, आणि धरणाच्या बाजूनं वारा सुटलेला. कवाड सारखं धाडकन मिटायला बघायचं. ग्रामसेवकाचं वाचन चालू होतं, त्यात आवाज नको म्हणून हिंमतरावांनी उजवा हात खाली सोडूनच मनगटाची मागची बाजू कवाडाला लावली आणि त्याला बाहेर रेटत उभे राहिले. वाचन लांबलं. वारा काही थांबेना. हात भरून आला, तरी त्यांनी रेटा सोडला नाही. सभेचा आब राखायचा तर तेवढं करायलाच हवं.

शेवटी अंगणवाडीच्या अयोध्याताईंना त्यांची दया आली. त्यांनी कवाडाच्या बुडाशी दगड सरकवला आणि म्हणाल्या, "सोडा आता मामा, न्हाय लागत ते."

हिंमतराव एक पाऊल आत आले. हात मोकळा सोडला. आणि नेमका तेव्हाच ग्रामसेवक म्हणाला, "महारुद्र यांच्या बाजूनं जे असतील त्यांनी हात वर करावेत."

विहिरीत दाबून धरलेली रिकामी घागर सोडली की जशी वर येते, तसा हिंमतरावांचा हात वर आला. घाई नाही, झटका नाही. आधी मांडीपासून सुटला, मग कमरेपाशी आला, मग खांद्याच्या रेषेत जाऊन तिथं तरंगत राहिला. त्याला वजनच नव्हतं. हिंमतराव त्याच्याकडे असे बघत होते, जसं कुणी दुसऱ्याच्या पोराकडे बघावं. त्यांनी तो खाली घ्यावा असं मनात आणलं, तोवर ग्रामसेवकाचं बोट त्यांच्यावरून मोजत पुढं गेलं होतं.

मग हणमंतप्पाची पाळी आली. हिंमतरावांनी हात ताडकन वर केला, तोच उजवा, आणि ह्या वेळी तो चांगला मणभर जड होता.

"मामा," ग्रामसेवक म्हणाला, "एका माणसाला एकच हात."

सगळा वर्ग हसला. हणमंतप्पा हसला नाही. महारुद्र एका हातानं निवडून आला, आणि तो हात कुणाचा, हे सांगायला गावाला ग्रामसेवकाची गरज नव्हती.

दुसऱ्या सकाळपासून बाशा आला नाही. भांडण नाही, तंडण नाही. हणमंतप्पानं नुसता बैल घरी ठेवला. रस्त्यात समोरासमोर आला तर तो पाखऱ्याशी बोलायचा, हिंमतरावांशी नाही. इकडं गौरीच्या तोंडावर दोन दिवस पाऊस होऊन उघडीप पडली होती. ज्वारीसाठी राखलेल्या रानाला वाफसा आला होता, ओल नेमकी कुळवण्याजोगी. कुळवाची पाळी द्यायची ती आत्ताच, चार दिवसांनी माती दगड झाल्यावर कुळव नुसता वरून खरवडत जातो. महारुद्रचा ट्रॅक्टर सांगावा, असं हिंमतरावांच्या मनात एकदा आलं. पण तो ट्रॅक्टर रानात उतरला असता तर हणमंतप्पा जन्मभर बोलला नसता, हेही त्याच क्षणी मनात आलं. आणि एक बैल घेऊन माणूस रानात जाऊन काय करणार? दोघं मिळून रवंथ करणार.

"हात तुमचा, आन् वर करणारा कोण? म्या?" कमलबाई भाकरी थापता थापता विचारायच्या.

"अगं, आपोआप गेला."

"आपोआप! चाळीस वर्सं झाली, घरातला झाडायचा फडा उचलायला कधी गेला न्हाय आपोआप."

गावानं आपापल्या परीनं निदान केलं. कुणी म्हणालं, महारुद्रनं चहात काहीतरी दिलं. कुणी म्हणालं, ही लकव्याची सुरुवात, त्यात असाच हात भरकटतो. हे दुसरं निदान हिंमतरावांना रात्री आठवायचं आणि ते अंधारात उजव्या हाताची मूठ उघडझाप करून बघायचे.

गौरीच्या सुट्टीला त्यांची नात शिवांजली लातूरहून आली. फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिच्या पिशवीत रबरी टोकाची एक छोटी हातोडी असायची, तिच्यामुळं घरातली लहानमोठी सगळी तिला जरा जपून असत. सगळी हकीकत ऐकल्यावर ती हसली नाही, की हळहळली नाही. तिनं आबांना ओट्याच्या कडेला पाय लोंबते सोडून बसवलं आणि गुडघ्याच्या वाटीखाली हातोडी टेकवावी तेवढीच मारली. पाय टुणकन उडाला.

"बघा," कमलबाई म्हणाल्या, "पायबी महारुद्रचाच."

"नीट आहे सगळं," शिवांजली म्हणाली. "आबा, लकवा वगैरे काही नाही. मांडीच्या स्नायूत बारीक सुतासारखे तंतू असतात, त्यांचं काम एकच, स्नायू किती ताणला ते कळवायचं. मी ठोकलं, तो जरासा ताणला, त्यांनी लगेच खबर पाठवली. खबर पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूपर्यंत गेली आणि तिथूनच उलटा हुकूम आला, आखड. मेंदूला विचारलंच नाही."

"म्हंजे गावातच फैसला," हिंमतराव म्हणाले. "लोहाऱ्याला कागद न्हाय गेला."

"अगदी तसंच. लोहाऱ्याला नंतर कळतं, पाय उडाल्यावर."

हिंमतरावांचा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच. "आन् हात?"

इथं शिवांजलीनं फार बारकाईनं चौकशी केली. कोणता हात? तळव्याकडून रेटत होता, की मागच्या बाजूनं? कोपर सरळ होतं का? सोडल्यावर लगेच वर गेला, की मधे काही केलं? अखेरीस ती उठली आणि म्हणाली, "आज्जी, पिठाचे हात धू आणि स्वैपाकघराच्या दारात उभी राहा."

"म्या कशाला? म्या कुणाला मत दिलं?"

तरी कमलबाई चौकटीत उभ्या राहिल्या. शिवांजलीच्या सांगण्यावरून दोन्ही हात खाली सोडून त्यांनी दोन्ही मनगटांच्या मागच्या बाजूनं चौकट बाहेर रेटायला सुरुवात केली. "अजून जोर लाव. अजून. थांबू नको." कमलबाईंचा चेहरा लाल झाला. "आता पुढं ये. आणि हात अगदी सैल सोड, जणू तुझे नाहीतच."

कमलबाई पुढं आल्या. क्षणभर काहीच झालं नाही. मग त्यांचे दोन्ही हात अंगापासून सुटले आणि बांगड्या किणकिणवत, पंख पसरावेत तसे वर जाऊ लागले.

"आगं बाई! धर गं, धर मला!" त्या ओरडल्या. उडून जाण्याचं भय त्यांना खरोखरच वाटलं होतं.

हिंमतराव ओट्यावर बसून असे हसले, की पंधरा दिवसांत त्यांना तसं कुणी पाहिलं नव्हतं.

"मोटार बंद केली तरी पाइपातलं पाणी जरा वेळ येतंच ना," शिवांजली समजावू लागली. "तसं आहे हे. खांद्याच्या स्नायूला तुम्ही बराच वेळ हुकूम देत होता, रेट, रेट. समोर कवाड होतं म्हणून हात हलला नाही. कवाड गेलं, तुम्ही हुकूम थांबवला, पण चेतातंतूंमधून तो थोडा वेळ वाहतच राहिला. एरवी आपण हात उचलतो तेव्हा मेंदूला आधीच ठाऊक असतं, म्हणून नवल वाटत नाही. इथं त्यानं सांगितलेलंच नसतं. खालून खबर येते, हात वर चाललाय. मेंदू म्हणतो, मी तर नाही पाठवला! म्हणून तो हलका वाटतो. कुणी दुसऱ्यानं उचलल्यासारखा."

"कुणी दुसऱ्यानं उचलल्यासारखा," हिंमतरावांनी शब्द न् शब्द परत म्हटला. हाच जबाब त्यांना पंधरा दिवस सापडत नव्हता. त्यांनी पागोटं डोक्यावर ठेवलं. "चल पोरी. असंच्या असं हणमंत्याला सांग."

हणमंतप्पा अंगणात दावं वळत बसला होता. बाशा पलीकडं बांधलेला. हिंमतरावांना पाहून त्यानं कान हलवले, मालकानं तेवढंही केलं नाही. त्याच्या बायकोनं, जगदेवीवहिनींनी मात्र पोरीसाठी सतरंजी टाकली. शिवांजलीनं सगळं पुन्हा, घरी सांगितलं त्याहून सोपं करून सांगितलं. हणमंतप्पानं दावं वळतच ऐकून घेतलं.

"झालं?" तो म्हणाला. "पोरी, तुझा आजा लबाड हाय हे मला ठावं होतं. पण नातीला लातूरला शिकवून लबाडीचा दाखला आणंल, असं न्हवतं वाटलं. हात आपोआप वर जातो! उद्या म्हणंल, पाय आपोआप महारुद्रच्या वाड्याला गेले, आन् तोंडानं आपोआप जिलबी खाल्ली."

"अप्पा, तुम्ही स्वतः करून बघा."

"बघतो की. पण माझा हात माझ्या हुकमात हाय, हे आधीच सांगून ठेवतो."

तो उठला आणि घराच्या चौकटीत जाऊन उभा राहिला. आपला हात हुकमात आहे हे दाखवायचं म्हणून त्यानं गरजेपेक्षा दुप्पट जोर लावला. मानेच्या शिरा फुगल्या. चौकट कुरकुरली.

"घर पाडताव का?" जगदेवीवहिनी म्हणाल्या.

"बास, अप्पा. पुढं या. सैल सोडा."

हणमंतप्पा पुढं आला आणि सगळ्यांकडं आळीपाळीनं बघत उभा राहिला, बघा म्हणून. आणि बघता बघता त्याचा हात निघाला. त्यानं डोळे वटारले. हात थबकला, मग पुन्हा निघाला. त्यानं डाव्या हातानं उजवा धरून खाली दाबला. सोडला, तसा तो परत वर.

"च्यायला," हणमंतप्पा हळूच म्हणाला.

"पटलं?" हिंमतराव म्हणाले. त्यांच्या नजरेसमोर ज्वारीचं रान, जोडी आणि कुळव उभं राहिलं होतं. "आता बाशाला सोड. वाफसा चाललाय."

"थांब." हणमंतप्पानं स्वतःचा हात काखेत कोंडून ठेवला होता, पुन्हा काही करू नये म्हणून. "माझा गेला, ते पटलं. आता तुझा जाऊ दे."

हिंमतराव मोठ्या खुशीनं चौकटीत उभे राहिले. भरपूर रेटलं. पुढं आले. हात सैल सोडला.

हात दोडक्यासारखा लोंबत राहिला.

"आबा, सैल," शिवांजली म्हणाली.

"सैलच हाय की."

पुन्हा रेटलं. पुन्हा पुढं आले. हाताकडं विनवणीच्या नजरेनं बघितलं. काही नाही. तिसऱ्यांदा त्यांनी डावा हात लावून बघितला. न जाणो, तो तरी मदतीला येईल. तोही आला नाही.

हिंमतरावांनी नातीकडं बघितलं. शिवांजली म्हणाली, "होतं असं. हे सगळ्यांनाच होत नाही, आणि झालं तरी दर वेळी होतंच असं नाही. हात वर न्यायला एक स्नायू ओढतो, तेव्हा खाली ओढणाऱ्यानं ढील द्यावी लागते. आबांनी भीतीनं दोन्ही आवळून धरलेत, त्यामुळं—"

"म्हंजे कसं," हणमंतप्पा परत खाली बसून दावं हातात घेत म्हणाला, "महारुद्रचं नाव घेतलं की जातो, आन् माझ्या दारात आला की आवळतो. शास्त्र लई मोठं हाय पोरी. पण तुझ्या आज्याच्या सोयीचं हाय."

शिवांजलीनं सतरंजीची घडी घातली. जे खरं होतं ते तिनं सांगितलं होतं.

हिंमतराव चौकटीला पाठ लावून उभे होते. आता घरी जावं, एवढंच उरलं होतं. पण पाय निघेनात, आणि ह्यात चेतातंतूंचा काही दोष नव्हता. शाळेच्या वर्गात हात वर जात होता तेव्हा खाली ओढायला वेळ नव्हता, हे खरं. पण फार घाईही केली नव्हती, हेही खरं. हात वर चाललेला बघून आत कुठंतरी बरं वाटलं होतं का? तेच त्यांना पंधरा दिवस उमजत नव्हतं.

"हणमंत्या," ते म्हणाले, "हात गेला का म्या नेला, देवाशप्पथ मला न्हाय सांगता येत. पण एक सांगतो. तू अध्यक्ष न्हाय झालास, ते गावासाठी बरं झालं."

हणमंतप्पाच्या हातातलं दावं थांबलं.

"तुझ्या तोंडानं तंटा मिटतो व्हय? बांधावरची बोर कुणाची, ह्यावरनं आपण किती वर्सं भांडतोय? बोर वाळून गेली, तरी तू भांडतोस. तुझ्याकडं दोन भाऊ भांडत आले असते, तर घरी जाताना तिघं भांडत गेले असते."

आता हणमंतप्पा उठणार आणि काहीतरी फेकणार, असं शिवांजलीला वाटलं. पण त्याच्या आधी जगदेवीवहिनींना हसू फुटलं. त्यांनी पदर तोंडात कोंबला, तरी ते थांबेना.

"हसायला काय झालं?" हणमंतप्पा गरजला.

"खरंच बोलले की भावजी."

"खरं? माझ्या घरचं माणूस असून?"

"मग! हात वर जाण्याचंच घेऊन बसलाय. माझा तर वर गेलाच न्हवता."

"काय?"

"सभंत. तुमचं नाव घेतलं तवा." जगदेवीवहिनींनी डोळे पुसले. "म्या बायकांत बसले हुते, तुमाला काय दिसतंय! उचलावा म्हणलं, पण मांडीवरनं निघंचना. म्हणलं, हे अध्यक्ष झाले तर सकाळ-संध्याकाळ भांडणारी माणसं माझ्या ओट्यावर, आन् सगळ्यांना चहा कोण करणार? माझा हात वर गेला असता तर बरोबरी झाली असती तुमची. भावजींचा गेला तेवढा दिसला सगळ्यांना. न गेलेला कुणाला दिसतोय?"

हणमंतप्पानं बायकोकडं बघितलं. मग हिंमतरावांकडं. मग बाशाकडं, तिथं तरी कुणी आपलं असावं म्हणून. पंधरा दिवसांचा राग एकदम दोन जागी वाटायचा म्हणजे कमी पडणारच होता, आणि मोठा वाटा कुणाला द्यायचा याचा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर उघड दिसत होता.

त्यानं दावं खांद्यावर टाकलं. जाऊन बाशाला सोडलं.

"चल रे हिंमत्या," तो म्हणाला. "ह्या घरात आपलं कुणी न्हाय."

"कुठं?"

"कुठं म्हंजे? रानात. वाफसा तुझ्या आज्याचा नोकर हाय का, थांबायला? आन् दुपारची भाकरी कमलवहिनींच्या हातची. ह्या घरची बंद."

"बरं झालं, एक चूल कमी पेटवायची," जगदेवीवहिनी आतून म्हणाल्या.

जोडी जुवाखाली आली तेव्हा ऊन वर आलं होतं. पंधरा दिवस एकेकटे राहिल्यामुळं बैल बिघडले होते. पाखऱ्या पुढं धावायचा, बाशा बुजायचा, आणि कुळव तिरका व्हायचा. पहिली दोन तासं, म्हणजे कुळवाच्या रेघा, नागमोडी गेली. हणमंतप्पा बैलांना शिव्या देत होता, आणि त्यातल्या काही बैलांसाठी नव्हत्या, हे हिंमतरावांना कळत होतं. तिसऱ्या तासाला बैलांनी पाऊल जुळवलं. माती भुसभुशीत उलटू लागली, बगळे मागं मागं येऊ लागले. शिवांजली बांधावर बसून बैलांचे पुठ्ठे बघत होती, कोणता स्नायू केव्हा आखडतो आणि केव्हा सैल पडतो ते.

शेताच्या टोकाशी कुळव फिरवताना त्याची लोखंडी फास बांधाच्या कडेला लागली आणि बांधाचं एक ढेकूळ आत आलं.

"माझा बांध खाऊ नको," हणमंतप्पा म्हणाला.

"निम्मा माझा हाय."

"ढेकूळ माझ्या निम्म्यातलं हाय."

"मग जा, तंटामुक्तीकडं अर्ज दे."

"देतोच. महारुद्रच्या वट्ट्यावर जाऊन बसतो, आन् तीनदा चहा मागतो. त्याच्या बायकोलाबी कळू दे, अध्यक्षाचं घर म्हंजे काय असतंय." हणमंतप्पानं ढेकूळ उचलून बांधावर ठेवलं, पायानं नीट थापटलं. मग परत येऊन बैलांचा कासरा हातात घेता घेता, हिंमतरावांकडं न बघता त्यानं विचारलं, "खरं सांग. बोर माझीच हुती ना?"

"तुझीच हुती," हिंमतराव म्हणाले. "बोरं आमच्याकडं पडायची, एवढंच."

"ते आधी बोलला असतास तर?" असं म्हणून हणमंतप्पानं बाशाची शेपटी पिरगाळली, आणि कुळव पुढच्या तासाला लागला.